याले रोल कोणता लागते?

कॅमेरा गळ्यात अडकवून गावात शिरलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "याले रोल कोणता लागते?" त्याच्या मागोमाग दुसरा, "आता भेटते काय पण रोल?" आणि मग तिसरा, जरा दयेनं विचारलेला, "नवा नाही घेतला काहून?"

यातल्या एकाही प्रश्नाचं खरं उत्तर पटत नाही, हा माझा सात-आठ वर्षांचा अनुभव आहे. हा डिजिटल आहे, याला रोल लागत नाही म्हटलं तर लोक मागची बाजू उलटून बघतात. आणि याच जातीचा नवा घ्यायचा तर दीड लाखाच्या पुढे जातो, हे तर मी सांगतच नाही. त्या पैशांत चांगली मोटारसायकल येते आणि तिचा उपयोग तरी सगळ्यांना कळतो.

तर हा कॅमेरा म्हणजे फुजीफिल्मचा एक्स-१००टी. २०१० च्या सप्टेंबरात जर्मनीत कोलोनच्या 'फोटोकिना' प्रदर्शनात फुजीनं पहिला एक्स-१०० दाखवला आणि २०११ च्या सुरुवातीला तो बाजारात आला. वरून चंदेरी, मधे काळं चामड्यासारखं आवरण, डोक्यावर शटरच्या वेगाची गोल चकती, भिंगाभोवती छिद्र लहानमोठं करायची कडी. लांबून बघणाऱ्याला १९६५ सालचा वाटावा असा. आत मात्र मोठ्या डीएसएलआर कॅमेऱ्यात असतो तेवढा सेन्सर. भिंग एकच, २३ मिलिमीटरचं, एफ/२. ते काढता येत नाही, बदलता येत नाही आणि झूम तर नाहीच. जुन्या फिल्मच्या हिशोबात ते ३५ मिलिमीटर भिंगाएवढं बघतं. पुढे २०१३, २०१४, २०१७, २०२० आणि २०२४ असे त्याचे नवे अवतार येत गेले. माझा २०१४ चा, म्हणजे तिसरा. २०१७ मध्ये पुण्यात एकाकडून वापरलेला घेतला. त्याआधीचा डीएसएलआर आणि त्याची दोन भिंगं तेव्हापासून कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर नांदताहेत.

मित्र म्हणाले, फिरायला वगैरे ठीक आहे, पण सिरीयस फोटोग्राफी यानं कशी करणार? आता आमच्या बुलडाणा जिल्ह्यात 'सिरीयस' हा शब्द एकाच अर्थानं वापरतात. "पेशंट सिरीयस हाय, अकोल्याला नेला." तेव्हा सिरीयस फोटोग्राफी म्हटलं की मला आधी हसूच येतं. पण हसू बाजूला ठेवलं तरी त्या शब्दाशी माझा जो काही व्यवहार झाला, तो याच कॅमेऱ्यामुळे, आणि तोही बराचसा त्या दुसऱ्या अर्थाच्या अंगानं. ते पुढे येईलच.

आधी 'रेट्रो' या प्रकाराबद्दल दोन शब्द. मला हा कॅमेरा दिसायला आवडला म्हणून मी घेतला, हे सांगायला लाज कसली? पण ही आठवण नेमकी कुणाची, हा प्रश्न विचारायला हवा. आमच्या घरी कॅमेरा नव्हता. गावात कुणाकडेच नव्हता. खामगावला बाबांच्या एका मित्राकडे अग्फाचा क्लिक थ्री होता, भारतातच बनलेला, १२० च्या रोलवर बारा फोटो देणारा. तो त्यांच्या घरीही लोखंडी कपाटात असे आणि वर्षाला एक रोल संपला तर संपला. चकत्या आणि कड्या असलेला परदेशी कॅमेरा आम्ही फक्त सिनेमातल्या नायकाच्या गळ्यात पाहिलेला. म्हणजे माझ्याकडचा हा कॅमेरा मला ज्या काळाची आठवण करून देतो, तो काळ आम्ही जगलेलोच नाही! कंपनीनं दुसऱ्याच कुणाचा तरी भूतकाळ विकला आणि मी तो हप्त्यानं घेतला. २०२२-२३ मध्ये याचा पाचवा अवतार टिकटॉकवर गाजला (आपल्याकडे टिकटॉक २०२० पासूनच बंद) आणि वीस वर्षांच्या मुलामुलींनी तो रांगा लावून घेतला. त्यांनी तर रोलच पाहिला नसेल. तेव्हा मी एकटाच नाही, एवढंच समाधान.

पण या जुन्या घाटाचा खरा उपयोग मला शेतात कळला. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ ला टेकतो. दुपारी बांधावर उभं राहून कुठल्याही कॅमेऱ्याच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर बघा, स्वतःचं तोंड सोडून काही दिसणार नाही. इथे डोळा लावायला काचेची खिडकी आहे, आणि आकडे चकतीवर कोरलेले आहेत. कॅमेरा बंद असतानाही तो कशावर लावलाय हे दिसतं. एफ/८, शटर पाचशे किंवा हजार, फोकस हातानं दोन मीटरवर. एवढं एकदा लावलं की साधारण सव्वा मीटरपासून पाच मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं. मग फोकस जुळायची वाट बघायला नको. बैलजोडी वळली, बाईनं डोक्यावरचा भारा उतरवला, की कॅमेरा वर, टिक, खाली. ती टिकसुद्धा समोरच्याला ऐकू जात नाही.

कापूस वेचणीच्या दिवसांत आणखी एक भानगड असते. पांढरं शेत, पांढरी टोपी, पांढरं धोतर आणि त्यात उन्हानं रापलेला चेहरा. कॅमेऱ्याचं मीटर त्या पांढऱ्याला भिऊन सगळंच काळवंडून टाकतं. कापूस करडा आणि माणूस कोळसा. अशा वेळी अंगठ्याखालची चकती एक घर पुढे सरकवायची, कापूस थोडा जळाला तर जळू द्यायचा, चेहरा वाचवायचा. शिवाय याचं शटर भिंगाच्या आतच पाकळ्यांचं असल्यामुळे भर दुपारी हजाराव्या भागालाही फ्लॅश जुळतो. मोठ्या कॅमेऱ्यांचं गाडं बहुधा अडीचशेच्या आसपास अडतं. डोक्यावरचा पदर पुढे ओढलेल्या बाईचा चेहरा दुपारी बारा वाजता फोटोत दिसायचा असेल, तर हे फार कामाचं आहे. आमच्याकडे बायका उन्हात पदराशिवाय नसतात आणि मी गावात असतो तेव्हा बहुधा ऊनच असतं.

काय जमत नाही तेही सांगतो, नाहीतर ही जाहिरात वाटायची. लोणारला गेलो तेव्हा विवराच्या काठावर उभं राहून हसलो. जवळजवळ पावणेदोन-अठराशे मीटर रुंदीचा, उल्का आदळून काळ्या पाषाणात झालेला खड्डा, आणि माझ्याकडे बसल्या पंगतीचा फोटो काढायचं भिंग! अर्धंच विवर बसलं. उरलेलं अर्धं दुसऱ्या फोटोत. २०२० च्या जूनमध्ये तिथलं पाणी गुलाबी झालं तेव्हा तो रंग जगाला दाखवला तो ड्रोननं आणि काठावरच्या मोबाइलांनी. माझा कॅमेरा त्या वेळी पुण्यात लॉकडाऊनमध्ये माझ्यासारखाच घरात. तळ्याकाठचे शेकाटे मला ठिपक्यांएवढे मिळाले. पण त्याच लोणारच्या दैत्यसूदनाच्या देवळात, जिथे बाहेरून आत शिरलं की दोन मिनिटं काहीच दिसत नाही, तिथे एफ/२ वर हात टेकवून काढलेले खांब आणि छत मला आजही बघावेसे वाटतात. नांदुऱ्याच्या १०५ फुटी हनुमानाचे पाय चांगले आले. असो.

खरी गोष्ट वेगळीच आहे. आमच्या जिल्ह्यात मोठा कॅमेरा दिसला की त्याचा काहीतरी अर्थ असतो. एक तर लग्न. नाहीतर नेता. नाहीतर काहीतरी वाईट घडलंय. अक्षय्य तृतीयेला जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला घटमांडणी होते. संध्याकाळी शेतात वर्तुळात धान्यं मांडायची आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यावरून पाऊसपाण्याचं, पिकाचं भाकीत सांगायचं. त्या पहाटे चॅनेलवाल्यांच्या कॅमेऱ्यांची भिंत उभी राहते आणि मागे खास ते भाकीत ऐकायला आलेल्या शेतकऱ्याला त्यांच्या पाठी दिसतात. (भाकिताबद्दल माझं मत विचारू नका. ऐकणाऱ्यांचे चेहरे मात्र बघण्यासारखे असतात.) १ जुलै २०२३ च्या रात्री सिंदखेडराजाजवळ पिंपळखुट्याला समृद्धी महामार्गावर खासगी बस जळाली, २५ माणसं गेली, तेव्हा सकाळपर्यंत कॅमेरे पोचले होते. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस अचानक झडू लागले, तेव्हाही आले. ओढला की हातात येणारा केसांचा पुंजका देशभर फिरला. आणि गेली पंचवीस वर्षं ज्या घरातल्या कर्त्या माणसानं औषध घेतलं, त्या घरासमोर कॅमेरा येतो तो तर आता सगळ्यांना पाठच झालाय. कुणाला कुठे उभं करणार, पोरांना पुढे कसं बसवणार, सगळं.

ही बातमीदारांवर टीका नाही, त्यांनी यायलाच हवं. पण त्यामुळे कॅमेरा बघून माणसं चेहरा कसा करतात ते बघा. लग्नात ताठ, नेत्याबरोबर हात जोडून, आणि दुःखात, काय करावं न कळून, रिकामा. माझ्या डीएसएलआरकडे लोक यातल्याच एका चेहऱ्यानं बघत. एका म्हाताऱ्यानं तर मला थेट विचारलं होतं, "काय झालं बाप्पा? कोण गेलं?"

हा लहानगा कॅमेरा यातल्या कुठल्याच खणात बसत नाही. आंरी कार्तिए-ब्रेसाँ आपला चकाकणारा लायका काळ्या टेपनं झाकून हिंडायचा म्हणतात, लोकांना दिसू नये म्हणून. माझं उलट झालं. याचा चंदेरी म्हातारेपणाच माझा बुरखा. रोलची चौकशी झाली, आबांनी तो हातात घेऊन वजन केलं, "लोखंडाचा हाय काय?" विचारलं, की पुढची पंधरा मिनिटं कुणाचं लक्ष नसतं. शिवाय ३५ चं भिंग. माणसाचा फोटो काढायचा तर दीड मीटरवर जावंच लागतं. दीड मीटर म्हणजे एका खाटेवरून समोरच्या खाटेवर. तेवढ्या अंतरावर न बोलता बसता येत नाही. कुणाचा, काय करता, पुण्यात पाणी किती येतं, हे सगळं होतं. आमच्या शेजारच्या अकोल्याचे सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जे काळेपांढरे फोटो काढले (२०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली), ते बघताना कॅमेरा कोणता होता हे मनातही येत नाही. हा माणूस तिथे किती वेळ थांबला असेल, हे येतं.

गावातल्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो काढायला मी २०१८ पासून लागलो. वर्षातून तीन-चारदा महाराष्ट्र एक्स्प्रेसनं शेगावला उतरायचं आणि चार दिवस गावात. नियम एकच, पुढच्या खेपेला प्रिंट हातात द्यायची. खामगावच्या स्टुडिओतून मॅक्सी साइज, म्हणजे चार बाय सहा, आणि हवी असेल तर आठ बाय बाराची. मोबाइलवर पाठवलेला फोटो म्हाताऱ्यांना पोचत नाही. तो नातवाला पोचतो आणि नातवाचा मोबाइल दर दोन वर्षांनी फुटतो.

या स्टुडिओत बसून मला एक गोष्ट कळली. तिथलं रोजचं काम म्हणजे पासपोर्ट फोटो, लग्नाचे अल्बम, आणि गेलेल्या माणसाचा फोटो 'बनवणं'. माणूस गेला की तेरवीच्या आत भिंतीवर लावायला फोटो लागतो, आणि घरात शोधाशोध केल्यावर सापडतं ते आधार कार्ड. नाहीतर कुठल्यातरी पुतण्याच्या लग्नातला ग्रुप, त्यात तिसऱ्या रांगेत अर्धा चेहरा. स्टुडिओवाला विचारतो, "याच्याहून मोठा नाही काय?" नसतो. मग तो त्या टिकलीएवढ्या चेहऱ्याला ओढूनताणून मोठं करतो, मागे निळं आभाळ टाकतो, पुरुष असेल तर कोट चढवतो. ज्यानं जन्मात कोट घातला नाही तो माणूस कोटात भिंतीवर जातो. चेहरा धुरकट, पण कोट झकास. ऐंशी वर्षं जगलेल्या माणसाचा सरकारी केंद्रावर, मान वर करा, इकडे बघा, करून काढलेला तो एकच फोटो. मी तिथे बसून म्हटलं, हे काम आपल्याला करता येईल.

आमच्या घराशेजारी एक आबा होते. आयुष्यभर दुसऱ्यांकडे सालदार म्हणून राबलेले. नंतर गोठ्याच्या दारात बसून अंबाडीचा दोर वळत. २०१९ च्या डिसेंबरात सकाळी साडेआठला मी त्यांचा तिथे फोटो काढला. दारातून तिरपं ऊन, दोराचा पीळ, बोटांची झाडाच्या मुळांसारखी पेरं, आणि ते कशावरून तरी दात नसलेल्या तोंडानं खदखदून हसताहेत. आजपर्यंत मी काढलेला सगळ्यात चांगला फोटो कोणता विचारलंत तर मी तोच दाखवीन. त्याच दिवशी त्यांनी मला थांबवून टोपी नीट केली, सदऱ्याची वरची गुंडी लावली, भिंतीला टेकून समोर बघितलं आणि म्हणाले, "आता काढ." तोही काढला. दोन्हींच्या प्रिंट दिल्या.

२०२१ च्या जुलैत ते गेले. मुलाचा फोन आला, आबाचा मोठा फोटो पाहिजे. मी दोन्ही पाठवले. दिवाळीला गावी गेलो तर भिंतीवर चंदनाच्या हारात दुसरा फोटो. टोपीवाला. स्टुडिओवाल्यानं मागची भिंत काढून निळं आभाळ टाकलेलं आणि छातीखाली कापलेला, म्हणजे हात गेले. मी चहा घेता घेता सहज विचारलं, तो दुसरा नाही आवडला का? मुलगा जरा अवघडला. म्हणाला, "चांगलाच हाय तो. पण आबानं जलमभर कामच केलं. आता फोटोत तरी बसू दे ना त्याले."

मी गप्प बसलो. यावर काय बोलणार?

मला अजूनही तो पहिलाच फोटो सरस वाटतो. त्यावर मी हटायला तयार नाही. त्या हसण्यातला माणूस टोपीवाल्या फोटोत नाही. पण त्या दिवसापासून मी माझे फोटो वेगळ्या नजरेनं बघायला लागलो. सुरकुत्या, भेगाळलेल्या टाचा, धुरानं काळी झालेली चूल, झिजलेला उंबरा. आम्हा कॅमेरेवाल्यांना हे सगळं फार आवडतं, आणि जुन्या घाटाचा कॅमेरा हातात असला, त्यातले ते फिल्मसारखे मवाळ रंग लावले, की आणखीच आवडतं. जे त्या घरात नुसतं जुनं आहे, बदलायला पैसे नाहीत म्हणून राहिलेलं आहे, ते माझ्याकडे आलं की रेट्रो होतं. आबांच्या मुलाला घरकुलाचं पक्कं घर मिळालं तेव्हा मला आधी वाईट वाटलं ते गोठ्याच्या दारातला उजेड गेला म्हणून. त्याला आनंद झाला तो छत गळणार नाही म्हणून. यात कुणाचं बरोबर हे सांगायला फोटोग्राफीचं पुस्तक लागत नाही.

तेव्हापासून मी प्रत्येकाचे दोन फोटो काढतो, एक त्यांचा आणि एक माझा. त्यांचा आधी. कुठे बसायचं, काय नेसायचं, चष्मा ठेवायचा की काढायचा, सगळं त्यांनी ठरवायचं. मी फक्त उजेड कुठून येतो ते बघून खुर्ची इकडची तिकडे करतो. एक आजी ट्रॅक्टरशेजारी उभ्या राहिल्या, नातवानं नवा घेतला होता. एकांनी शेगावच्या वारीची टाळजोडी घेतली. बहुतेकांना मात्र प्लास्टिकची खुर्ची, रंगवलेली भिंत आणि सरळ नजर एवढंच हवं असतं. माझा फोटो मग नंतर, ते उठायला लागले की, किंवा "झालं काय?" विचारतात तेव्हा. कधीकधी त्यांचाच जास्त चांगला येतो. चेहऱ्यावर ठरवून आणलेली जी एक अदब असते, ती माझ्या चोरून टिपलेल्या क्षणात नसते.

गावात याची चेष्टा व्हायची ती झालीच. म्हाताऱ्यांचेच फोटो काढतो, आणि म्हातारी माणसं तर जाणारच. त्यात २०२१ ची दुसरी लाट. फोटो काढलेल्यांपैकी चौघं त्या वर्षात गेली. मग पारावर मला बघितलं की कुणीतरी ओरडायचं, "आला रे, यमाचा फोटोग्राफर!" एका काकांनी दोन वर्षं मला अंगणात येऊ दिलं नाही. आणि घरातच सगळ्यात पक्का विरोध होता तो आत्याचा.

माझी मोठी आत्या. बाविसाव्या वर्षी नवरा गेला, कडेवर मुलगा घेऊन माहेरी आली ती इथलीच झाली. आज ऐंशीच्या पुढे आहे. दर खेपेला मी विचारायचो आणि दर खेपेला उत्तर एकच. "काहून? मी काय मरून राह्यली काय एवढ्यात?" एकदा झोपाळ्यावर वाती वळत बसली होती, उजेड सुरेख होता, मी नुसता कॅमेरा उचलला तर तिनं हातातला कापूस फेकून मारला. तिचा न सांगता फोटो मी कधीच काढला नाही. दीड मीटरवरून काढायचा म्हटल्यावर ते शक्यही नव्हतं.

२०२४ च्या दिवाळीत तिनंच बोलावलं. सकाळी आंघोळ करून, ठेवणीतलं लुगडं नेसून, घराच्या पुढच्या निळ्या दारासमोर खुर्ची टाकून बसली होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. म्हणाली, "मले पायजे तसा काढजो. दात दिसू देऊ नको." मी खुर्ची सावलीत घेतली, समोरच्या पायरीवर बसलो. ती माझ्याकडे नाही, भिंगाकडेच बघत होती, आणि बोलत होती. तुझ्या मामाजींचा फोटो नव्हता म्हणाली. लग्नात काढला नाही, पुढे कधी काढला नाही. आधार कार्ड तेव्हा कुठलं? पहिली काही वर्षं डोळे मिटले की चेहरा यायचा. मग कमी कमी येत गेला. "आता टोपी आठवते. चेहरा नाही येत." मुलानं बापाला पाहिलंच नाही. लहानपणी विचारायचा कसे होते, तर ही सांगायची, तुझ्यासारखे. पण ते खरं होतं का, हे आता तिलाही सांगता येत नाही.

मग गप्प झाली आणि म्हणाली, "काढ आता."

एफ/४, शटर अडीचशे. तीन फोटो घेतले. ओठ मिटलेले, मान ताठ, हात मांडीवर एकावर एक. माझ्या नजरेनं बघाल तर फोटो जरा कडक आला आहे. पासपोर्टसारखा. मी नेहमीप्रमाणे दुसरा काढायला थांबलो तर तिनं हातानंच नको म्हटलं. एकच बस.

पुढच्या खेपेला आठ बाय बाराची प्रिंट नेली, लॅमिनेशन करून. ऑपरेशन चांगलं झालं होतं. तिनं ती खिडकीपाशी नेऊन एका डोळ्यानं, मग दुसऱ्या डोळ्यानं बघितली. भिंतीवर लावायची का, म्हणून भाऊ विचारायला लागला, तर त्याला गप्प केलं. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून लोखंडी पेटीत सगळ्यात खालच्या लुगड्याच्या घडीत ठेवली, कुलूप लावलं, आणि सुनेला हाक मारून पेटी दाखवली. किल्ली देव्हाऱ्यात गजानन महाराजांच्या तसबिरीच्या मागे असते, ध्यानात ठेवजो म्हणाली, आणि चहा टाकायला सांगितला.